तुलारामभाऊंचा जानोसा

आमच्या पवनीत मागच्या पंचवीस-तीस वर्षांत ज्याचं लग्न झालं तो तुलारामभाऊंच्या सतरंजीवर बसलेला आहे, एवढं मी डोळे मिटून सांगते. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, नाहीतर आमच्या विहारातला कार्यक्रम असो. सतरंज्या, रांधायचे मोठे गंज, पराती, कनाती सगळं तृप्ती बिछायत केंद्रातून यायचं. तृप्ती ही त्यांची एकुलती मुलगी. ती आता नागपूरला सासरी असते, पण नाव राहून गेलं.

सामानाची गाडी आली की तुलारामभाऊ स्वतः सोबत यायचे. गंज उतरवला की तो लगेच रांधणाऱ्याच्या हाती द्यायचा नाही. आधी उन्हात फिरवायचा आणि त्याच्यावरचा एकेक पोचा, म्हणजे आदळून-आपटून पडलेला खळगा, गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायचा. "हा पोचा पहिलेचा. हा बी पहिलेचा. हा बुडाचा आहे न, हा मागच्या तेरवीतला. पाहून घ्या बापा, मंग तुमचं-माझं भांडन नको." ज्याच्या दारात मांडव पडलाय त्याला कुठली फुरसत? तो म्हणायचा, "पाहिलं भाऊ, पाहिलं." तरी तुलारामभाऊ शेवटचा पोचा दाखवल्याशिवाय गाडीवर बसायचे नाहीत.

आमच्या लोकांच्या लग्नासाठी त्यांनी पांढऱ्या चादरी वेगळ्या ठेवल्या होत्या. बुद्धमूर्तीच्या टेबलावर त्या अंथरायच्या. ऐन सीझनमध्ये चादरी कमी पडल्या तरी त्या कधी पंगतीत गेल्या नाहीत. तसं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. रस्त्यात भेटले की ते मला 'जयभीम ताई' म्हणायचे आणि मी त्यांना 'रामराम भाऊ'. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही, पण आमचं तसंच ठरून गेलं होतं.

मग तो आजाराचा काळ आला. लग्नं घरच्या चार माणसांत उरकू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी भाऊंनी बँकेचं कर्ज काढून नव्या कनाती, सोफा-खुर्च्या आणि जनरेटर घेतलं होतं. दोन सीझन सगळं गोदामात पडून राहिलं, उंदरांनी कनाती खाल्ल्या. लग्नं पुन्हा सुरू झाली तोवर रोडवर लॉन झाले होते. तिथं मांडवापासून पत्रावळीपर्यंत सगळं एकाच ठिकाणी. बिछायत कोणाला पाहिजे? शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्यांना नादार ठरवलं. गोदाम गेलं, सामानाचा लिलाव झाला, मागून राहतं घरही गेलं.

बाजारात भेटले तेव्हा मला म्हणाले, "नादार. कोर्टाचा शब्द आहे ताई. ना दार. म्हनजे ज्याले दार नाही तो. पहिले शब्द देल्ला, मंग दार नेलं." आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

त्यांची बायको सत्यभामाबाई ही उंच, खणखणीत आवाजाची बाई. सामान परत आलं की मोजून ती घ्यायची, आणि एक चमचा कमी भरला तरी ज्याच्या घरी लग्न झालं त्याच्या व्याह्यापर्यंत जाब जायचा. घर गेलं त्या दिवशी तिनं आपलं सूप एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि लाखांदूरकडे भावाच्या घरी निघाली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "भावाच्या घरी मी पाहुनी म्हनून राहीन. पन तुमच्यासंगं कोनाच्या ओसरीत पडून नाही राहनार. घर करा, मंग बोलवा. मी येते."

तेव्हापासून तुलारामभाऊंचं एकच काम. घर करायचं आणि सत्यभामाबाईला बोलवायचं.

ते एका लॉनवरच खुर्च्या मांडायच्या कामाला लागले होते. झोपायचेही तिथंच, खुर्च्यांच्या खोलीत. दिवसा खोली शोधत फिरायचे. ज्यांच्या घरची लग्नं ह्या माणसानं उभी करून दिली त्यांच्याकडे खोल्या रिकाम्या होत्या, नव्हत्या असं नाही. एकानं म्हटलं, "भाऊ, तुमच्यापासून भाडं मांगाची आमाले लाज वाटन." दुसऱ्याचा पुतण्या राहायला येणार होता, तो अजून आलेला नाही. तिसऱ्यानं चहा पाजला, खोली दाखवली आणि हळूच विचारलं, "ते कोर्टाचे लोक इथीसुदा येतीन का हो?"

भंडाऱ्यालाही जाऊन आले. तिथला घरमालक अनोळखी. त्यानं विचारलं, पहिलं घर का सोडलं? यांनी सगळं सांगून टाकलं.

"अहो भाऊ, तिथं कोण ओळखत होतं तुम्हाला?" मी म्हटलं. "सांगायची काय गरज होती?"

"समजते ताई. पन मानूस बिघडला न माझा," ते म्हणाले. "पहिलेचा पोचा दाखवल्याबिगर मले सौदाच करता येत नाही."

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. स्वयंपाकाचा ओटा आहे, नळ आहे, दार वेगळं आहे. मुलासाठी बांधली होती, पण सुगत पुण्याला नोकरीला, वर्षातून दोनदा येतो. संध्याकाळी वंदना झाली आणि मी आमच्या यांना म्हटलं, मागची खोली तुलारामभाऊंना देऊ.

हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअरला होते. रिटायर झाले तरी स्टोअर यांच्यातून गेलेलं नाही. "कायले वं?" म्हणाले. "ज्याचं दिवाळं निंगालं त्याले खोली देतेस? अन् भाडं नाही आलं तं? मी का त्याच्या मागं गंज मोजत फिरू?"

"एकदा खोली दाखवा तर," मी म्हटलं. "न पटलं तर नाही द्यायची."

दुसऱ्या दिवशी तुलारामभाऊ आले. चपला फाटकाशीच काढल्या. खोलीत शिरले आणि त्यांनी काय करावं? भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक वाजवायला सुरुवात केली. "साहेब, हा कोपरा पोकळ आहे. पहिलेचा होय, पाहून घ्या. ही फरशी तडकली आहे. पहिलेची. खिडकीच्या ह्या झडपेची कडी ढिली आहे. हे बी पहिलेचं." आमचे हे दारात हाताची घडी घालून उभे होते. थोड्या वेळानं घडी सुटली. मग हेही वाकले. "अन् हा पाहा, इथी ओल येते पावसात," यांनीच दाखवलं. दोघं मिळून पार छतापर्यंत गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा एक जण स्टुलावर होता आणि दुसऱ्यानं स्टूल धरलं होतं.

बाहेर येऊन हे मला म्हणाले, "फॅक्टरीत इन्स्पेक्शनले असा मानूस पाहिजे होता. दे त्याले खोली."

अशी खोली ठरली. भाडं ते पहिल्या तारखेच्या आधीच आणून देत. तक्रारीला जागा नव्हती. उलट मलाच तक्रार होती. तुलारामभाऊ त्या खोलीत राहत होते असं वाटतच नव्हतं. पेटी एका कोपऱ्यात, तिच्यावर घडी केलेले कपडे, वळकटी बांधून उभी. भिंती कोऱ्या. कॅलेंडर होतं, पण ते जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. तारीख पाहायची तर वाकावं लागे. कपडे वाळवायला दोरी बांधली नाही, कारण दोरीला खिळे लागतात.

आमचे हे एक दिवस खिळ्यांची पुडी आणि हातोडा घेऊन गेले. "ठोका हो भाऊ, तुमचीच खोली समजा."

"नको साहेब," ते म्हणाले. "भाड्यानं नेलेली वस्तू जशी नेली तशीच वापस देली पाहिजे. मी लोकाइले हेच सांगत आलो जनमभर. आता मीच भोकं पाडू का?"

खिळ्यांची पुडी ठेवून घेतली, हातोडा परत केला.

माघ लागला तसा त्यांनी सत्यभामाबाईला फोन केला. आमच्या अंगणातच उभे होते, म्हणून ऐकू आलं. "अवं तृप्तीची माय, घर झालं. ये."

ती यायच्या दिवशी त्यांनी लॉनवरून सुट्टी घेतली. सकाळपासून खोलीत खुडबुड चालली होती. दुपारी मला बोलवायला आले. "ताई, एक नजर टाका बरं, काही कमी असन तं सांगा."

मी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मधोमध गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र खोळ, भिंतीकडे दोन लोड. एका ताटात आरसा, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, पावडरचा डबा आणि कोरी साबणवडी कागदासकट. दुसऱ्या ताटात सुपारी नि बडीशेप. दाराशी पाण्याचा ड्रम, झाकणावर लोटा पालथा. उदबत्ती लावलेली. तुलारामभाऊ दाराशी असे उभे होते की आता हार तेवढा हातात यायचा राहिला होता. इतक्या वर्षांत पाहुण्यासाठी खोली सजवायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती. कमी काय आहे, मी काय सांगणार? म्हटलं, "छान आहे भाऊ."

लाखांदूरची बस आली. सत्यभामाबाई आली, काखेत तेच फडक्यात बांधलेलं सूप. सूप आणलं म्हणजे राहायला आली, हे मला तिथंच कळलं आणि बरं वाटलं. ती उंबरठ्यावर थांबली. आत पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"हे काय होय?"

"घर," भाऊ म्हणाले.

"घर? हा तं जानोसा होय!"

नवरदेवाचं वऱ्हाड ज्या जागी उतरवतात त्याला आमच्याकडे जानोसा म्हणतात. तिनं आत जाऊन पावडरचा डबा उचलला. "अन् नवरदेव कुठी आहे? घोडा मागं राह्यला का? बाई, तुमी नवरीकडच्या का? मंग आमाले चहा-फराळ कुठी आहे?"

आमचे हे खो-खो हसायला लागले. मीही हसले. तुलारामभाऊही हसले, डोकं खाजवत. पण सत्यभामाबाईनं सूप काखेतून काढलं आणि विचारलं, "बरं, सूप कुठी टांगू?"

भाऊंनी गादीकडे हात केला.

"ठेव न गादीवर," भाऊ म्हणाले.

"सूप गादीवर?" तिनं चारही भिंतींवरून नजर फिरवली. जमिनीवरचं कॅलेंडर पाहिलं. "एक खिळा नाही घरात?"

"भाड्याची खोली होय, सत्यभामा. लोकाइची भिंत..."

"मंग झालं. वऱ्हाड उद्या उठन," ती म्हणाली, आणि फडक्याची गाठ सुटली होती ती पुन्हा बांधली.

त्या दिवशी परतीची बस नव्हती, म्हणून ती आमच्या घरात माझ्याजवळ राहिली. संध्याकाळी मी वंदनेला बसले तशी मागं येऊन हात जोडून बसली. झाल्यावर म्हणाली, "बाई, मी रागानं नाही जाऊन राहिली. तुमची खोली चांगली आहे, मानूस बी माझा चांगला आहे. पन त्याले वाटते का आपल्याले इथून बी उठाचंच आहे. मी त्या गादीवर बसली असती न, तं मी बी जनमभर उठाची वाट पाहत बसली असती. घर झालं म्हनजे बोलवा म्हना. मी येते."

सकाळी ती गेली. सूपही गेलं.

तुलारामभाऊंनी गादी गुंडाळली, ताटं आवरली आणि कामावर गेले. त्या दिवसानंतर ते आमच्याशी बोलायचे, पण नुसतं 'हो' आणि 'नाही'. आमचे हे म्हणाले, "मीच जाऊन ठोकतो एक खिळा." मी थांबवलं. यांनी ठोकलेल्या खिळ्यावर ती सूप टांगणार नव्हती.

माघ पौर्णिमेला विहारात खीर असते. लिलावाच्या वेळी विहार कमिटीनं भाऊंचाच मोठा गंज घेतला होता, काठावर त्यांच्या केंद्राचं नाव ठोकलेला. मी भाऊंना म्हटलं, खीर ढवळायला या, बायांचे हात दुखतात. ते आले. गंज पाहिला आणि हात आपोआप फिरला. "हा पोचा पहिलेचा. हा बी पहिलेचा." मग आपल्याच बोलण्यावर ओशाळले आणि झारा हातात घेतला.

दूध उकळत होतं. मी गूळ फोडत बसले होते. "भाऊ," मी म्हटलं, "कमिटीनं हाच गंज का घेतला हो? लिलावात कोरे गंज होते म्हणतात, एक पोचा नसलेले."

"कोरे काय कामाचे?" ते म्हणाले. "त्याइचं बूड पातळ. दूध लागते. हा जुना आहे, जाड बुडाचा. पवनीतला रांधनारा हाच मांगे. 'भाऊ, तो पोचेवाला द्या.' म्हनून तं याले एवढे पोचे."

"आणि नवा पोचा पडला की लोकांशी भांडायचे ते?"

"तोंडानं बोला लागे ताई, नाही तं लोकं सोडतीन का? मनात राग नव्हता. आता वापराले देली वस्तू, वापरली तं पोचा पडनच न..."

बोलता बोलता झारा थांबला. दूध वर यायला लागलं.

"ढवळा भाऊ," मी म्हटलं. "आणि माझीही भिंत वापरायलाच दिलेली आहे."

एवढंच बोलले आणि गूळ घेऊन उठले. खीर लागली नाही. पंगत उठली, सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. भाऊंनी गंज घासला, पुसला, पालथा घातला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या यांच्याकडे हातोडा मागायला आले. हे काही विचारणार तर मी डोळ्यांनी दटावलं. मागून ठोकण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. हातोडा परत देताना त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती.

मग फोन. ह्या वेळी घर झालं असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "एक खिळा ठोकला. पाहाले येजो."

ती आली. पण फाटकातून शिरल्यावर मागं गेली नाही. आधी आमच्या ओट्यावर आली, काखेतलं सूप तिथं खुर्चीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "बाई, हे इथी राहू द्या जरा." तिचं मला कळलं. खिळा पटला तर सूप मागं जाईल, नाही पटला तर इथून फाटक जवळ आहे.

मी तांदूळ निवडत ओट्यावरच बसले. सूप समोर. मागून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा तिचा आवाज चढला. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं. आमचे हे पेपर उलटा-सुलटा करत होते, वाचत नव्हते.

सत्यभामाबाई बाहेर आली. चेहरा रागाचा. तरातरा ओट्यावर चढली. मला वाटलं, आता सूप उचलते आणि जाते स्टँडवर.

"हातोडा कुठी आहे तुमचा?" ती म्हणाली.

"काहून? काय झालं?" यांनी विचारलं.

"काय होईन? त्या मानसानं कनात टांगाच्या उंचीवर ठोकला खिळा! मी का रोज सुपासाठी शिडी लावू? मांडव टाकून टाकून जनम गेला, पन बायको केवढी आहे ते नाही समजलं अजून."

हातोडा घेऊन ती गेली. ठोकण्याचा आवाज आला, पण हा आवाज वेगळा होता. चार घावांत काम. मध्येच काहीतरी धपकन पडलं आणि दोघंही एकदम ओरडले. मग हसण्याचा आवाज. दोघांचा.

ती परत आली तेव्हा पदर खोचलेला होता. खुर्चीवरचं सूप उचललं. जाता जाता माझ्या ताटातले तांदूळ पाहून म्हणाली, "असे एकेक दाना कायले निवडता बाई? द्या इकडं, पाखडून देते." आणि ताट नि सूप दोन्ही घेऊन मागं गेली.

थोड्या वेळानं तुलारामभाऊ आले. केसांवर, मिशीवर, खांद्यावर चुन्याची धूळ. चपला फाटकाशी नव्हत्या, पायातच होत्या. पहिल्यांदाच. ओट्याखाली उभे राहिले.

"जयभीम ताई."

"रामराम भाऊ."

"दोन पोचे पडले तुमच्या भिंतीले," ते म्हणाले. "एक लहान आहे, तो वरचा. दुसरा मोठा. पोपडाच निंगाला हाताएवढा. हे पहिलेचे नाही होय ताई. आमचे होय. चाला, पाहून घ्या."

मागून तांदूळ पाखडण्याचा आवाज येत होता.

"पाहिलं भाऊ, पाहिलं," मी म्हटलं.